दात बघून घेतलेला लॅपटॉप

पारोळ्याच्या स्टँडवर दादा एसटीत चढला आणि माझ्या शेजारी टेकायच्या आधीच म्हणाला, "कितला पैसा लागतीन?"

डिसेंबर २०२५ची गोष्ट. मी धुळ्याहून बसले होते आणि आम्ही दोघं जळगावला निघालो होतो. त्याची लेक तिथं बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिलं सत्र तिनं कॉलेजची लॅब, खोलीतल्या मैत्रिणीचा लॅपटॉप आणि स्वतःचा फोन यांच्यावर कसंबसं काढलं. आता मैत्रीण कुरकुरायला लागली होती. दादाचा कापूस नुकताच सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर गेला होता. आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, मग ओलाव्याचं मीटर, मग वजनकाटा असं सगळं पार पडल्यावर लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव मिळाला होता. त्यामुळे त्या आठवड्यात दादा रुपयांत विचार करतच नव्हता.

"पंचवीस ते पन्नास हजार," मी म्हटलं.

"म्हंजे तीन ते सहा क्विंटल," तो खिडकीकडे बघत म्हणाला, आणि एरंडोल येईपर्यंत बोलला नाही.

धुळ्याच्या देवपुरात माझा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे, वडिलांनी सुरू केलेला. त्यामुळे नात्यात, गल्लीत, क्लासमधल्या पोरांच्या घरी कुणाला लॅपटॉप घ्यायचा असला की फोन मला येतो. प्रश्न ठरलेला असतो: नवा घ्यावा की जुना? उत्तर एका शब्दात हवं असतं. मी एका शब्दात देत नाही म्हणून काहींना मी शिष्टही वाटते. पण ह्या प्रश्नाचं उत्तर मला वडिलांच्या दोन यंत्रांनी शिकवलंय, आणि ते एका शब्दात मावत नाही.

वडिलांच्या क्लासात बहुतेक टाइपरायटर जुने विकत घेतलेले होते. दणकट, काळे, उचलताना कंबर धरायला लावणारे. त्यांतला एखादा बिघडला की दोन गल्ल्यांपलीकडचा मेकॅनिक सायकलवर यायचा, गुडघ्यावर यंत्र घ्यायचा, वाकलेला टाइप सरळ करायचा आणि चहा पिऊन जायचा. मग नव्वदच्या दशकात कधीतरी वडिलांनी हौसेनं एक कोरा करकरीत इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर आणला. अक्षरांचं चाक गोल फिरायचं आणि पट्कन शब्द उमटायचा. पोरं रांग लावून बघायची. वर्षभरात त्या चाकाची एक पाकळी तुटली. ते चाक धुळ्यात नव्हतं, जळगावात नव्हतं, नाशकात नव्हतं. मुंबईहून येईल, येईल म्हणता म्हणता त्या यंत्रावर कापडी आच्छादन पडलं ते पडलंच. पुढं कितीतरी वर्षं त्यावर आई लोणच्याची बरणी ठेवायची. जुनी यंत्रं मात्र सरकारनं संगणकावरची टायपिंग परीक्षा आणेपर्यंत खडखडत राहिली.

पाळधी मागं पडलं, बांभोरीला विद्यापीठाचं फाटक दिसलं, गिरणेचा पूल ओलांडला आणि दादानं विचारलं, "नवाच लेवाना ना? पोरीले जुना कसा देवाना?"

इथं पहिला घोटाळा होतो. आपण 'जुना' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतो. एक असतो कोरा, खोकाबंद, पण एक-दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल असलेला. नवा माल आला की दुकानदाराला तो काढायचा असतो, म्हणून किंमत उतरते. दुसरा असतो वापरलेला. त्यातही घरगुती वापरलेला वेगळा आणि कंपन्यांनी वापरून परत केलेला वेगळा. पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या कंपन्या लॅपटॉप बहुधा तीनेक वर्षांच्या भाड्यानं घेतात, मुदत संपली की ते गठ्ठ्यानं बाजारात येतात आणि व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत आपल्याकडं पोचतात. आणि ह्या दोन्हींखेरीज एक तिसरा प्रकार आहे, ज्याला कुणीच जुना म्हणत नाही. त्याच्याकडं येतेच.

भाची गोलाणी मार्केटच्या खाली उभी होती. जळगावात मोबाइल किंवा कॉम्प्युटरचं काही काम काढलं की पाय आपोआप गोलाणीकडं वळतात. दुकानाला दुकान लागून, आणि एका दुकानात नसलेली वस्तू "दोन मिनिटं बसा" म्हणून शेजारच्या दुकानातून आणून देण्याची रीत. "फुई, मी यादी केलीये," ती म्हणाली. यादीत सोळा लॅपटॉप होते. सगळे नवे, सगळे चंदेरी, सगळे पातळ.

पहिल्याच दुकानात तिच्या यादीतला एक काउंटरवर आला. किंमत ३६ हजार. पेटीवर 'रायझन ५ ७५२०यू', ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. "एकदम लेटेस्ट," दुकानातला पोरगा म्हणाला. दादाचा चेहरा उजळला. मी पेटी उलटी करून तो आकडा पुन्हा वाचला आणि दादाला म्हटलं, बैल घेताना तू काय करतोस?

"दात दखस."

दादाला हे सांगायला लागत नाही. दुधाचे दात पडून पक्के दोन आले की दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की बैल जुळला. शिंगं रंगवली, गोंडे बांधले, तरी दात खोटं बोलत नाहीत. प्रोसेसरच्या नावातले आकडे हे लॅपटॉपचे दात. एएमडी कंपनीनं २०२३पासून वापरलेल्या ह्या चार आकड्यांत पहिला आकडा मॉडेलचं वर्ष सांगतो आणि तिसरा आकडा आतला आराखडा किती जुना ते सांगतो. ७५२० मधला तिसरा आकडा २. म्हणजे वर्ष २०२३चं, पण कोअर 'झेन २' ह्या आराखड्याचे, जो आराखडा २०१९ साली आला. शेजारच्याच पेटीवर ७५३० असेल तर तो झेन ३. एका आकड्याचा फरक, पण आत पूर्ण एक पिढी. कंपनीनं हे लपवलेलं नाही, आकड्यांचा अर्थ स्वतःच जाहीर केलाय. फक्त तो पेटीवर लिहिलेला नसतो.

"जुना बैल, नवी झूल," दादा म्हणाला. दुकानातला पोरगा हसला, कारण तोही पारोळ्याकडचाच निघाला.

हा तो तिसरा प्रकार: नवा म्हणून विकला जाणारा जुना. तो वाईट असतोच असं नाही. टायपिंग, मेल, एक्सेल, यूट्यूब एवढ्यावर भागणाऱ्या माणसाला पुरेल. पण ह्या प्रोसेसरला चालणारी रॅम एकाच जातीची, आणि ती मदरबोर्डवर पक्की डाग देऊन बसवलेली असते. आज ८ जीबी घेतलीत तर मरेपर्यंत ८ जीबीच. बीसीएच्या पोरीला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ उघडावा लागणार, त्यातला नकली फोन चालवावा लागणार, शेजारी ब्राउझरचे वीस टॅब उघडे असणार. ८ जीबीवर ते सगळं म्हणजे रिक्षात लग्नाचं वऱ्हाड.

इंटेलचे दात वाचायला सोपे होते, अलीकडं त्यांनीही गुंता केलाय. 'आय५-८२५०यू' म्हणजे आठवी पिढी, 'आय५-१२३५यू' म्हणजे बारावी. आडव्या रेघेनंतरचा पहिला किंवा पहिले दोन आकडे बघायचे. डिसेंबर २०२३पासून 'आय' गेला आणि 'कोअर अल्ट्रा' आला. त्याच्या जोडीला नुसतं 'कोअर ५' नावाचंही एक कुटुंब आहे. त्यातला 'कोअर ५ १२०यू' हा तेराव्या पिढीचाच सख्खा भाऊ, नुसतं बारसं नव्यानं झालेलं.

ह्या पिढ्यांमध्ये एक खरी उडी झाली ती २०१७च्या ऑगस्टमध्ये. तोपर्यंत पातळ लॅपटॉपमधल्या आय५ला दोनच कोअर असायचे. आठव्या पिढीत एकदम चार झाले. म्हणून सातवीचा आय५-७२००यू आणि आठवीचा आय५-८२५०यू ह्यांच्यात कागदावर एक वर्षाचं अंतर असलं तरी कामात फार मोठं आहे. सातवी किंवा त्याआधीचा लॅपटॉप कुणी फुकट दिला तरच घ्यावा असं माझं मत आहे, आणि फुकट मिळालेल्यावरही लिनक्स टाकावं.

त्याचं दुसरं कारण जास्त कडक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. त्या दिवसानंतर विंडोज १० बंद पडलेलं नाही, कॉम्प्युटर पूर्वीसारखाच सुरू होतो, म्हणून लोकांना वाटतं काही झालंच नाही. पण त्यात सापडणारी नवी भगदाडं आता आपोआप बुजवली जात नाहीत. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव वर्षाची सोय आहे, त्यापलीकडं नाही. आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आठवी म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर उभा असलेला आज घरात आहे, पण दार लावायची वेळ आली की पहिला बाहेर तोच.

माझ्या क्लासात ह्या तारखेनं चौदापैकी नऊ कॉम्प्युटर निवृत्त केले. धंद्याच्या वापराला वाढीव सुरक्षा विकत घ्यायची तर पहिल्या वर्षाचेच यंत्रामागे ६१ डॉलर. आमच्यातल्या काही डबड्यांना भंगारात तेवढी किंमत येणार नाही. चारांवर मी लिनक्स मिंट टाकलं, एमएस-सीआयटीच्या आधीच्या लहान पोरांना त्यावर बसवते. त्यांना काही फरक कळत नाही. टायपिंगच्या सरावाचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजवरच चालतं, तिथं इलाज नाही.

दुपार झाली. भरीत-पुरी खाताना भाचीनं तोंड पाडलं होतं. तिच्या सोळांतले अकरा मी रॅमच्या एका मुद्द्यावर खोडले होते. "फुई, पण जुना घेतला आणि वर्षात बंद पडला तर?"

प्रश्न रास्त होता. म्हणून मी तिला विचारलं, "नवा वर्षात बंद पडला तर?" वॉरंटी असते, ती म्हणाली. असते. पण वॉरंटी एका वर्षाची आणि कोर्स तीन वर्षांचा. दुसऱ्या वर्षी कीबोर्डवर चहा सांडला, रॅम गेली, बॅटरी फुगली, तर ते काम जळगावात कोण करू शकतो? झाकण उघडून एक भाग काढून दुसरा बसवता येत असेल तर गोलाणीतला कुठलाही हुशार पोरगा करेल. सगळं एकाच पाटीवर डागलेलं असेल तर पूर्ण मदरबोर्ड बदला म्हणतील, आणि त्याची किंमत ऐकून माणूस नवा लॅपटॉप बघायला लागतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीची सोय किती, त्याचे दहापैकी गुण लिहावे लागले. युरोपात फेब्रुवारी २०२७पासून लहान यंत्रांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असावी असा नियम लागू होतोय. आपल्याकडं डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं दुरुस्तीच्या हक्काचं एक पोर्टल सुरू केलं, पण दुकानात पेटीवर काही लिहून येत नाही. आपलं आपणच बघावं लागतं.

बघायचं कसं, तर मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन. लेनोवोच्या थिंकपॅड टी४८० मध्ये रॅमच्या दोन खाचा आहेत, दोन्ही बदलता येतात, शिवाय एक बॅटरी आत आणि एक बाहेरून काढता येणारी. त्याच वर्षीच्या टी४८०एस मध्ये थोडी रॅम पक्की आणि खाच एकच. एका 'एस'चा फरक. डेलच्या लॅटिट्यूड ५४२० मध्ये दोन खाचा, तर दिसायला तसाच, जास्त देखणा आणि नवा असताना जास्त महाग असलेला ७४२० सगळा डागलेला. वापरलेल्या मालाच्या बाजारात कधी कधी हे दोन्ही एकाच भावात शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि लोक देखणा उचलतात.

त्या आठवड्यात रॅमचा विषय आणखीच तापलेला होता. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी बनवण्यात जास्त पैसा आहे, म्हणून कारखाने तिकडं वळले आणि साध्या रॅमचे भाव चढत गेले. ३ डिसेंबरला मायक्रॉन कंपनीनं सामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' हा ब्रँड बंद करत असल्याचंच जाहीर केलं. दुकानदार वैतागून सांगत होता, "ताई, सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही, सोन्यासारखं झालंय." जळगावच्या माणसानं सोन्याची उपमा दिली की ती गंभीरपणे घ्यायची असते. पूर्वी माझा सल्ला असायचा की ८ जीबीचा घे आणि पुढं पगार झाला की वाढव. त्या दिवशी तो उलटा केला: रॅम आधीच भरलेला बघ. कंपनीतून आलेल्या जुन्या यंत्रांत १६ जीबी बऱ्याचदा असतेच, आणि त्यातली रॅम स्वस्ताईच्या दिवसांत बसवलेली असते.

दुसऱ्या दुकानात बारावीच्या आय५चा एक खोकाबंद लॅपटॉप होता, दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल, १६ जीबी, ४८,५०० रुपये. मला तो आवडला. असला माल घेताना एकच काळजी घ्यायची: सिरीयल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपासून धरलीये ते बघायचं. कधी कधी दुकानात पडून असतानाच घड्याळ सुरू झालेलं दिसतं. मग बिलाची तारीख दाखवून ती दुरुस्त करून घ्यावी लागते, आणि ते विकत घ्यायच्या दिवशीच करावं. दादानं मनात भागाकार केला आणि म्हणाला, "सहा क्विंटल." कापूस वेचायला मजुरी किती गेली ते तो बोलला नाही, पण मला माहीत होतं.

मग एका जिन्याआड, कंपन्यांचे जुने लॅपटॉप ठेवणारा भेटला. इथं मी सावध होते, कारण दोन वर्षांपूर्वी मीच फसले होते. मोठ्या शहरातल्या एकाकडून क्लाससाठी तीन मागवले. आले, चालले, छान होते. एकाचं विंडोज पुन्हा टाकलं, इंटरनेट जोडलं, आणि पडद्यावर कुठल्याशा कंपनीचं स्वागत झळकलं: आपला कर्मचारी ईमेल टाका. त्या यंत्राची नोंद अजून मूळ मालकाच्या खात्यात होती. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. तो लॅपटॉप अजून माझ्या कपाटात आहे, मी त्याचा पडदा दुसऱ्याला लावला.

तेव्हापासून माझा नियम: दुकानातच, माझ्यासमोर, विंडोज रीसेट करायचं आणि पहिल्याच पायरीला माझ्या फोनचं इंटरनेट जोडायचं. कुणा कंपनीचं नाव आलं तर नमस्कार करून उठायचं. सुरू होताना बायॉस उघडून बघायचं, पासवर्ड मागितला तरीही उठायचं, कारण तो काढणं आपल्या गल्लीतलं काम नव्हे. आणि सिरीयल नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल हवंच. बिल नाही म्हणणाऱ्याकडं तो कुठून आला, ह्याची चौकशी करत बसण्यापेक्षा न घेणं सोपं.

जिन्याआडच्या माणसानं आधी टी४८० काढला, १९ हजार. "थिंकपॅड आहे मॅडम, दगड." दगड खराच, माझा लाडकाही आहे. पण आठवी पिढी. दादानं आपणहून विचारलं, "आठ दात? म्हंजे जुळेल." मी हो म्हटलं. दोन वर्षं काढायची असती तर हाच घेतला असता. मग त्यानं लॅटिट्यूड ५४२० आणला. अकरावी पिढी, २०२१चा, दोन खाचांत आठ-आठ जीबी, ५१२चा एसएसडी, २६,५००, दुकानाची सहा महिन्यांची हमी.

तो मी काउंटरच्या काचेवर ठेवला आणि कोपरे दाबून बघितले. लॅपटॉप सपाट काचेवर डुगडुगला किंवा टचपॅड वर उचललेला वाटला तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते, आणि फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नसते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेइतकं दुसरं काही मारत नाही. मग कमांडची काळी खिडकी उघडून पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरकी रेघ, आणि बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं. विंडोज स्वतःच अहवाल बनवून देतं: बॅटरी बनवली तेव्हा किती साठवायची आणि आता किती. मूळ ६३ वॉट-तास होते, आता ४९. म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के. साठच्या खाली असतं तर मी नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापायला लावले असते. सीसीआयचा ग्रेडर ओलावा बघून बोलतो तसंच हे, दादाला लगेच पटलं. एसएसडीचे वापरलेले तास बघितले, पडदा पूर्ण पांढरा करून डाग शोधले, प्रत्येक कळ दाबली. चार्जिंग टाइप-सीचं, म्हणजे चार्जर हरवला तरी हॉस्टेलमधल्या कुणाचा तरी चालेल. पडदा नव्यापेक्षा जरा फिका. वजन जास्त. भाचीनं उचलून बघितला आणि काही बोलली नाही.

तेवढ्यात बाजूच्या दुकानातल्या विक्रेत्यानं "एआय लॅपटॉप बघा ना" म्हणून एक पाटी पुढं केली. मायक्रोसॉफ्टनं मे २०२४मध्ये ह्या जातीला नाव दिलं: सेकंदाला ४० लाख कोटींहून जास्त गणितं करणारी वेगळी चिप, किमान १६ जीबी रॅम. यंत्रं उत्तम असतात. पण भाची जे एआय वापरते ते दूरच्या सर्व्हरवर चालतं, तिथं इंटरनेट लागतं, चिप नाही. पुढं ते लॅपटॉपमध्ये उतरेलही. तेव्हा ती कमवत असेल आणि स्वतःच्या पैशानं घेईल.

सगळ्यांना मी जुनाच घ्यायला सांगते असं मात्र नाही. पिंपळनेरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिका माझ्या मैत्रीण आहेत. त्यांना मी नवा, खोकाबंद आणि घरी येऊन दुरुस्तीच्या तीन वर्षांच्या वाढीव वॉरंटीचा घ्यायला लावला, रॅम डागलेली असूनही. त्यांच्या आसपास झाकण उघडणारा कुणी नाही, आणि पोर्टलवर माहिती भरायची शेवटची तारीख लॅपटॉपसाठी थांबत नाही. व्हिडिओचं काम करणारा पोरगा असेल, आर्किटेक्चरची मुलगी असेल, तिथं प्रश्नच वेगळा. वापरलेल्यातला तगडा ग्राफिक्सवाला लॅपटॉप मी कुणालाच सुचवत नाही. तो आधीच्या मालकानं किती तापवलाय हे कुठल्याच अहवालात दिसत नाही.

शेवटी निर्णय भाचीनंच घेतला, तोही भलत्याच कारणानं. जिन्याआडच्या माणसानं ५४२०चं झाकण तिच्यासमोर उघडून दाखवलं. आतली रॅम, एसएसडी, पंखा, बॅटरी, प्रत्येक गोष्ट वेगळी, बोट ठेवून दाखवता येण्याजोगी. कॉलेजात पहिल्या सत्रात तिनं ही सगळी नावं परीक्षेसाठी पाठ केली होती, आकृती काढली होती. खरी पहिल्यांदा बघत होती. "हे मला काढता येईल?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "वॉरंटीत माझ्याकडं आण, नंतर तुझं तू काढ."

घासाघीस करून २६ हजारांत झाला. दादानं नोटा दोनदा मोजल्या. उरलेल्यातून त्यानं स्वतःहून एक चांगली पाठीवरची बॅग घेऊन दिली, आणि परतीच्या एसटीत एरंडोलपर्यंत मला पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "चाली जाई ना तीन वरीस?" मी हो म्हटलं. मग पारोळ्याला उतरताना म्हणाला, "पोरीनं काही तोंड वाकडं केलं नाही, नाही का?"

वॉरंटीत आण हे तिनं किती मनावर घेतलं ते महिनाभरात कळलं. रात्री साडेदहाला फोन. "फुई, रागवू नको. झाकण उघडून ब्रशनं धूळ काढली. परत लावलं, चालू झाला, सगळं नीट आहे. पण एक स्क्रू उरलाय."

मी विचारात पडले. ह्या मॉडेलच्या तळाचे स्क्रू ढिले केले तरी बाहेर पडत नाहीत, झाकणालाच अडकून राहतात. फोटो पाठव म्हटलं. तळहातावर ठेवलेला एवढासा, तांदळाच्या कणीएवढा स्क्रू.

"तुझा चष्मा कुठंय?" मी विचारलं.

पलीकडं शांतता, मग खोलीतल्या मैत्रिणीचं हसू ऐकू आलं.